मिटवामिटवी

गावच्या जत्रेच्या, फिएस्ताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेलिया माग्बानुआच्या बेकरीसमोर नेहमीपेक्षा जास्तच गर्दी होती. पहिल्या भट्टीचे पाव केव्हाच संपले होते. दुसऱ्या भट्टीची वाट पाहत माणसे पायरीवर, बाकावर, आपापल्या मोटारसायकलींवर रेंगाळली होती. सगळ्यांचे डोळे जागरणाने तांबारलेले होते. रस्त्यावरच्या पताका अजून कोणी उतरवल्या नव्हत्या.

ट्रायसिकल चालवणारा बोयेत मोबाईल नाकासमोर धरून एकटाच खिदळत होता.

“काय रे, एकटाच काय हसतोस? उतरली नाही का अजून?” नेलियाने पिठाचे हात पुसत विचारले.

“मानांग नेलिया, तुम्ही बघितलं नाही? अख्खं गाव बघतंय! ‘प्लाझाची नवरी’!”

त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. चर्चसमोरच्या प्लाझात, म्हणजे चौकात, कारंज्याशेजारच्या बाकावर पिवळा फ्रॉक घातलेली एक मुलगी बसली होती. केसांत चाप, चेहऱ्यावर जरा जास्तच पावडर. समोरून एखादा मुलगा गेला की ती अर्धवट उठे, तो पुढे गेला की पुन्हा बसे. चित्र भराभर पळवले होते. मागचे ऊन सरून दिवे लागले, मिरवणूक आली आणि गेली, आणि ती तशीच उठत-बसत राहिली. खाली कुठल्या तरी रडक्या गाण्याची धून होती आणि मधूनमधून त्या मुलीने कोणाला तरी लिहिलेली प्रेमाची वाक्ये अक्षरांत उमटत होती. शेवटी ती उठली, सँडल काढून हातात घेतले आणि अनवाणी घराकडे चालू लागली.

बाकावरची माणसे हसली. नेलियाही हसली. ती मुलगी एका म्हाताऱ्या पाद्र्याला पाहूनसुद्धा अर्धवट उठली होती, आणि ते पाहून कोणालाही हसू आले असते.

पण हसता हसता तिच्या कानावर आणखी एक हसू आले. ते मोबाईलमधून येत होते, चित्र काढणाऱ्याच्या अगदी जवळून. दाबून धरलेले, मध्येच श्वास अडकून उचकीसारखे निसटणारे. असे हसणारे माणूस नेलियाला जगात एकच माहीत होते. ते या क्षणी वरच्या मजल्यावर झोपले होते.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा पाहताना तिला तो पिवळा फ्रॉकही ओळखू आला. भाचीच्या लग्नासाठी तिनेच तो आपल्या मुलीला शिवून घेतला होता.

“भट्टी बघ रे,” असे कामावरच्या पोराला सांगून ती जिना चढली.

फ्रान्सीन पंख्याखाली पालथी पडली होती. नेलियाने पंखा बंद केला.

“ऊठ.”

“नानाय, आज शनिवार आहे...”

“चौकातली ती फिल्म कोणी काढली?”

फ्रान्सीनचे डोळे उघडले. आईला उत्तर तिथेच मिळाले, तरी मुलगी म्हणाली, “कुठली फिल्म?”

“तुझा फ्रॉक घालून मारीकार बसलीय, ती.”

“तिनं मागितला म्हणून दिला मी. तिच्याकडे एक धड कपडा नाही. मदत केली तर तेही चुकलं का?”

“आणि मागे खिदळत कोण होतं? मी?”

नेलियाने उशीखालचा मोबाईल काढून तिच्या हातात दिला. “उघड. आणि सगळं दाखव.”

सगळे पाहायला तासभर लागला. फ्रान्सीन नववीत होती आणि मारीकार पाबालिनास तिच्या वर्गात. सुकट करणाऱ्या मेर्लिताची ही मुलगी गणितात शाळेत पहिली. गेली दोन वर्षे ती दर आठवड्याला या घरी येऊन फ्रान्सीनला बीजगणित समजावून सांगत असे, आणि जाताना नेलिया तिच्या पिशवीत उरलेले पाव टाकत असे. वर्गात तिला दुसरी मैत्रीण नव्हती.

पावसाळ्यात केव्हा तरी वर्गातल्या चौघांना एक कल्पना सुचली. त्यांनी एक मुलगा बनवला. नाव आद्रियान, राहणार समुद्रापलीकडच्या बाकोलोद शहरात, फोटो कुठल्या तरी परदेशी पोराचा. हा आद्रियान मारीकारशी बोलू लागला. चौघे पाळीपाळीने त्याच्या नावाने लिहीत. त्यांत नगरसेवक बायोनांचा मुलगा केन्ट होता, दोघे त्याच्या मागेमागे फिरणारे होते आणि चौथी फ्रान्सीन. फ्रान्सीनचे काम सगळ्यांत महत्त्वाचे होते. मारीकार तिला विश्वासाने जे सांगे ते ती ग्रुपवर टाकी, आणि संध्याकाळी आद्रियान नेमके तेच बोले. तिला ताऱ्यांची नावे पाठ होती, तर आद्रियानलाही तारे आवडत. तिचा बाप बोटीवरून परत आला नव्हता, तर आद्रियानलाही बाप नव्हता.

नेलिया वाचत गेली.

“माझ्या अंगाला सुकटीचा वास येतो असं मुलं म्हणतात. नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगते.”

“तू चुकून दुसऱ्याच कुणाला लिहीत नाहीस ना? म्हणजे माझं काही म्हणणं नाही, फक्त विचारते.”

“मी फ्रान्सीनशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. ती कुणाला सांगणार नाही, ती तशी नाही.”

या शेवटच्या ओळीखाली ग्रुपवर हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. सगळ्यांत पहिला चेहरा फ्रान्सीनने टाकला होता.

“का?” नेलियाने विचारले. “काय वाईट केलं होतं तिनं तुझं?”

“काहीच नाही.” फ्रान्सीनने चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळला. “सगळे हसत होते, नानाय. कुणालाच काही वाटलं नाही.”

“तिला?”

“ती कुठे समोर होती?”

या उत्तरात कांगावा नव्हता, म्हणूनच नेलियाला त्याची भीती वाटली. आपण मुलीला शिकवलेल्या गोष्टी तिने मनातल्या मनात आठवून पाहिल्या. खोटे बोलू नये, थोरांचा हात कपाळाला लावावा, जेवणाआधी प्रार्थना म्हणावी. समोर नसलेल्या माणसालाही लागते, हे सांगायचे राहून गेले होते. हे सांगावे लागते हेच तिला माहीत नव्हते.

त्याच दिवशी दुपारी ती फ्रान्सीनचे मनगट धरून किनाऱ्यावर गेली. मेर्लिता बांबूच्या ताट्यांवरची मासळी उलटत होती. बेकरीची मालकीण स्वतः आलेली पाहून ती गडबडली, ओले हात पदराने पुसावेत तसे झग्याला पुसत पुढे आली.

“या ना मॅडम. बसायलाही काही नाही बघा...”

“मेर्लिता, माझ्या मुलीनं तुझ्या मुलीचं फार वाईट केलंय. माफी मागायला आणलंय तिला.”

“अहो, माफी कसली! पोरंच ती. चेष्टा-मस्करी चालायचीच.” मेर्लिता घाईघाईने म्हणाली. मग आवाज उतरवून तिने सांगितले, “आमचीच सैल सुटली होती. पोराला भेटायला जाते म्हणजे काय! मी चांगली झोडपली तिला.”

“तिला झोडपलीस?” नेलिया ओरडलीच. “अगं, तिची काय चूक?”

“मॅडम, गावभर फिल्म फिरतेय ती माझ्या पोरीची. तुमच्या पोरीचं तोंड कुठे दिसतं त्यात?”

नेलियाने झोपडीकडे पाहिले. झोपडीच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता आणि त्यामागे कोणी तरी उभे असल्याचे पाय तेवढे दिसत होते.

“मारीकार,” नेलियाने हाक मारली. “इंदाय, पोरी, बाहेर ये गं. फ्रान्सीनला काही सांगायचंय.”

पाय हलले नाहीत. फ्रान्सीनने वाळूकडे पाहत “सॉरी” म्हटले. ते इतक्या हळू होते की समुद्राच्या आवाजात आईलाही नीट ऐकू आले नाही. थोड्या वेळाने पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात पिवळा फ्रॉक होता, धुतलेला, घडी घातलेला.

“थोडा ओला आहे अजून,” आतून आवाज आला. बस, एवढेच.

परतताना फ्रान्सीन रडली. नेलियाला वाटले, चला, निदान रडली तरी. पण घरी पोचल्यावर ती म्हणाली, “झालं ना आता? मी सॉरी म्हटलं. मोबाईल दे.”

चौघांच्या इंटरनेटवरच्या पानावरून फ्रान्सीनने ती फिल्म काढून टाकली. संध्याकाळी ती दुसऱ्या पानावर वेगळ्या गाण्यासह आली. ती काढायला सांगितली तर तिसऱ्याने उचलली. सेबू शहरातल्या एका विनोदी बुवाने तिची नक्कल केली, चाप लावून, पावडर फासून. बेकरीत पाव घ्यायला येणारी शाळकरी पोरे बाकावरून अर्धवट उठून बसण्याचा खेळ खेळू लागली. नेलियाने दोघांना हाकलले, तर त्यांच्या आया दुसऱ्या बेकरीतून पाव नेऊ लागल्या.

सोमवारी ती शाळेत गेली. प्रिन्सिपल मिसेस ओसोरियो मोठ्या समंजस बाई होत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, मध्येच कॉफी मागवली, आणि शेवटी कपाळाला हात लावला.

“मिसेस माग्बानुआ, इतकी वर्षं मी या खुर्चीत बसतेय. माझ्या मुलाला सोडा म्हणून सांगणारे पालक रोज येतात. माझ्या मुलीला धरा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

“मग धरा ना.”

“कशावरून धरू? सुट्टीचा दिवस, जागा चर्चच्या चौकातली, मोबाईल घरचा. यात शाळा कुठे आली?”

“मुलं शाळेची आहेत. मारीकार आज शाळेत आली नाही.”

“येईल. चार दिवसांत लोक विसरतात.”

“ती विसरेल का?”

मिसेस ओसोरियोंनी कपातली साखर ढवळली. “हे बघा, नगरसेवक बायोनांचा सकाळीच फोन आला होता. शाळेच्या नव्या इमारतीचं काम त्यांच्याकडेच आहे, तुम्हाला माहीत आहे. त्यांचं म्हणणं, बारांगायच्या पंचायतीच्या कार्यालयात सगळ्यांना बसवून गोडीनं मिटवून टाकू. मुलांच्या दाखल्यावर डाग नको. तुमच्या मुलीच्याही.”

मिटवून टाकू. पुढच्या आठवड्यात हे शब्द नेलियाने इतक्या तोंडांतून ऐकले की तिला त्यांची शिसारी आली. वर्गशिक्षिका म्हणाली, मिटवा. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, क्षमा करावी, मिटवावे. बोयेतही म्हणाला, “मानांग, ज्यांचं गेलं त्यांची तक्रार नाही, आणि तुम्ही का डोकं फोडून घेताय?” गावाच्या या जुन्या सवयीत नेलिया स्वतःही वाढली होती. गुरे कोणाच्या शेतात शिरली, कोणी दारू पिऊन कोणाचे दार फोडले, की बारांगायच्या प्रमुखासमोर बसायचे, हात मिळवायचे, एकत्र जेवायचे आणि उठायचे. गुरांसाठी ती सवय चांगलीच होती. पण तीच सवय लावून गावाने बायकांचा मार मिटवला होता, पोरींचे हुंदके मिटवले होते, आणि आता ही नवी गोष्टही त्याच फडक्याने पुसायला निघाले होते.

नवऱ्याशी बोलावे म्हणून तिने वाट पाहिली. रोहेलियो मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होता. बंदर आले की त्याचा चेहरा मोबाईलच्या पडद्यावर यायचा. या वेळी तो आला तो संतापूनच. त्याला जहाजावरच्या याच भागातल्या दुसऱ्या एका इलोंगो माणसाकडून कळले होते.

“तू शाळेत जाऊन स्वतःच्या पोरीविरुद्ध बोलून आलीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“रोहेल, तू ते सगळं वाचलं असतंस ना...”

“मला नाही वाचायचं! तिला नर्सिंगला जायचंय, परदेशात जायचंय. पोलिसांत नाव गेलं तर कोण घेईल तिला? मी इथे आगीसमोर उभा राहतो ते कशासाठी?”

“आणि ती दुसरी? तिचा बाप तर बोटीवरून आलाच नाही. तिच्यासाठी कोण उभं राहणार?”

“ते तिच्या घरच्यांनी बघावं.” मग तो जरा नरमला. “नेलिया, पोरगी आहे ती आपली. आपणच तिला पाठीशी घातलं नाही तर कोण घालणार?”

“पाठीशीच घालतेय मी,” नेलिया म्हणाली. “तुला दिसत नाही, त्याला मी काय करू?”

त्याचा चेहरा पडद्यावर गोठला. संपर्क तुटला होता की त्याने तोडला होता, ते कळले नाही.

बैठक गुरुवारी बारांगायच्या कार्यालयात झाली. प्रमुख दुरान, ज्यांना सगळे ‘काप’ म्हणत, टेबलामागे बसले होते. शेजारी नगरसेवक बायोना इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यांच्या घरून शेवयांचा मोठा टोप आणि थंड पेयांची खोकी आली होती आणि कोपऱ्यात झाकून ठेवली होती. बैठक कशी संपणार हे त्या टोपावरूनच ठरले होते.

मेर्लिता भिंतीकडेला बसली होती, मारीकार तिच्या आड. पोरीने डोक्यावरून टॉवेल घेतला होता, उन्हात काम करणाऱ्या बायका घेतात तसा. तिने एकदाही मान वर केली नाही.

“तर,” काप म्हणाले, “मुलांनी थट्टा केली, थट्टा जरा वाढली. चला रे, रांगेनं या आणि माफी मागा.”

चौघे उठले. केन्टने पहिल्यांदा हात पुढे केला. “सॉरी, मारीकार,” तो म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या ओठांचा कोपरा हलला. मागच्या दोघांनी खाली पाहत हसू गिळले. फ्रान्सीन शेवटी होती. तिने हात पुढे केला तेव्हा मारीकारने तो घेतला, सोडला, आणि आपली बोटे झग्याला पुसली. हे नेलियाशिवाय कोणी पाहिले नाही.

“शाब्बास,” काप म्हणाले. “आता मारीकार, तूही एक सॉरी म्हण पाहू.”

“तिनं कशाबद्दल म्हणायचं?” नेलियाने विचारले.

“अहो, आईला न सांगता परक्या मुलाला भेटायला गेली. तिथूनच सुरुवात झाली ना सगळ्याची?”

मारीकारचे ओठ हलले. ती म्हणणार होती. तिला म्हण म्हटले असते तर तिने काहीही म्हटले असते, आणि नेलियाला ते सहन झाले नाही.

“नाही म्हणायचं!” ती उभी राहिली. खुर्ची मागे पडली. “काप, तो परका मुलगा इथेच बसलाय. चौघांत वाटून बसलाय! ही पोरगी कुणाला भेटायला गेली? कुणीच नव्हतं! चार महिने हिच्याशी बोलले, हिच्या मेलेल्या बापाचं नाव घेऊन बोलले, मग हिला चौकात बसवली आणि झाडामागून शूटिंग केलं. याला थट्टा म्हणता? चाळीस हजार लोकांनी बघितलंय ते!”

“मानांग नेलिया, शांत व्हा,” बायोना मधाळ आवाजात म्हणाले. “तुमचीच मुलगी त्यात आहे.”

“म्हणूनच बोलतेय.”

“मग तुम्हाला हवंय तरी काय?”

“हे इथे मिटवायचं नाही. पोलिसांत जायचं. कुणी काय लिहिलं, कुणी पसरवलं ते नोंदवायचं. पोरांना कुणीतरी समोर बसवून विचारायचं. आणि ती फिल्म काढायला लावायचं ज्याला अधिकार आहे त्यानं.”

काप हसले. खरोखरच त्यांना गंमत वाटली होती. “माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बघतोय! फिर्यादी समेटाला तयार आणि आरोपीच म्हणतो मला सोडू नका!”

सगळे हसले. समेटाचा कागद पुढे आला. तिघांच्या बापांनी सह्या केल्या. नेलियाने हात मागे बांधले. शेवटी कागद मेर्लिताकडे गेला.

“मेर्लिता, नको करूस,” नेलिया म्हणाली. “मी आहे तुझ्याबरोबर.”

मेर्लिताने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, फक्त थकवा होता. “मॅडम, ताट्या मांडायला किनाऱ्यावर जागा कोण देतं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही उद्या तुमच्या दुकानात जाल.”

तिने सही केली. टोपावरचे झाकण निघाले. बायोनांनी स्वतःच्या हाताने पहिली बशी मारीकारला दिली आणि कोणीतरी त्याचा फोटो काढला. तो फोटो संध्याकाळी नगरसेवकांच्या पानावर झळकला. खाली लिहिले होते की आपल्या गावात प्रश्न प्रेमाने सुटतात.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मारीकारला मनिलाला पाठवले. मेर्लिताची चुलतबहीण तिथे एका घरी कामाला होती. त्याच इमारतीत दुसऱ्या कुटुंबाला मुले सांभाळायला पोरगी हवी होती. नेलियाला हे कळले तेव्हा बोट सुटून गेली होती. ती किनाऱ्यावर धावत गेली.

“शाळा सोडवलीस? अगं, गणितात पहिली होती ती!”

“तिथे तिला कुणी ओळखत नाही,” मेर्लिता म्हणाली. ती मासळी उलटत राहिली. “इथे पाणी आणायला गेली तरी पोरं बसून-उठून दाखवायची. मी किती जणांना मारणार?”

“मी तक्रार करणार आहे. तू ये माझ्याबरोबर.”

मेर्लिताचा हात थांबला. “कुणी मला विचारायला आलं तर मी खोटं नाही बोलणार,” ती म्हणाली. “पण मी स्वतःहून येणार नाही, मॅडम. एवढं माझ्याच्यानं नाही होत.”

नेलिया एकटीच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली. बायका-मुलांच्या तक्रारींसाठी तिथे वेगळे टेबल होते. टेबलावरची बाई प्रशिक्षणाला गेली होती. दुसऱ्या वेळी बाई होती, पण तिने सांगितले की मोबाईलमधल्या गुन्ह्यांचे शहरात चालते. शहरात सांगितले की आधी तालुक्याच्या ठाण्याचे पत्र हवे. तालुक्याच्या ठाण्यात सांगितले की पत्रासाठी फिर्यादी हवा. “तुमचं कोण गेलंय यात?” हवालदाराने विचारले. “माझी मुलगी,” नेलिया म्हणाली. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि मग मुलीने काय केले ते ऐकून पेन खाली ठेवले. परतीच्या जीपमध्ये नेलिया रागाने रडली. शेजारी बसलेल्या बाईने तिला रुमाल दिला आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोके घातले.

फ्रान्सीनच्या बाकावरची शेजारची जागा रिकामी होती. पहिले काही दिवस तिला सुटल्यासारखे वाटले, हे खरे आहे. मग चाचणीत तिला बीजगणिताचे एकही उदाहरण आले नाही आणि तिने सवयीने शेजारी पाहिले. त्याच आठवड्यात ग्रुपवर नवी टूम निघाली. सातवीत एक तोतरा मुलगा होता. त्याच्यासाठी केन्टने एक मुलगी बनवायला घेतली होती, तिचे नावही ठरले होते. “फ्रान्सीन, तू लिही,” केन्टने लिहिले. “तुला लोकांकडून काढून घेता येतं.”

तिने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. ती स्तुती होती. त्या चौघांत इतकी मोठी स्तुती तिची कधी झाली नव्हती.

मागच्या काही आठवड्यांत मायलेकी कामापुरत्याच बोलत होत्या. दुपारी नेलिया दुकानात कणीक तिंबत होती तेव्हा फ्रान्सीन येऊन समोर उभी राहिली आणि तिने मोबाईल पिठाच्या फळीवर ठेवला.

“हे नवीन आहे,” ती म्हणाली. “मी काही लिहिलं नाही. पण ते मला वगळून लिहायला लागलेत.”

नेलियाने वाचले.

“त्या पोराला सांगितलंस?”

“सांगितलं. तो म्हणाला, मी खोटं बोलतेय. त्या मुलीशी बोलताना तो अडखळत नाही म्हणे, टाईप करताना.” फ्रान्सीनचा चेहरा वेडावाकडा झाला. “नानाय, मारीकारपण असंच म्हणायची. आद्रियानशी बोलताना तिला लाज वाटत नाही म्हणून.”

ती फळीला टेकून रडू लागली. या वेळी ती मोबाईल परत मागण्यासाठी रडत नव्हती. नेलियाला तिला जवळ घ्यावेसे वाटले, आणि तिने घेतलेही, पिठाच्या हातांनी. पण पाठीवर थोपटताना ती म्हणाली, “रडून झालं की तोंड धू. आपल्याला ठाण्यात जायचंय.”

“तुला हाकलतात ना ते?”

“मला हाकलतात. तुला कसे हाकलतील?”

ठाण्यात बायका-मुलांच्या टेबलावर त्या दिवशी तीच बाई, सार्जंट अलेग्रे, होती. नेलियाला पाहून तिने आधीच सुस्कारा टाकला. “मॅडम, तुम्हाला सांगितलं ना, फिर्यादी आल्याशिवाय...”

“आज मी नाही बोलणार,” नेलिया बाजूला झाली. “ही बोलेल.”

फ्रान्सीन खुर्चीवर बसली. शाळेचा गणवेश, हातात मोबाईल.

“माझं नाव फ्रान्सीन माग्बानुआ. आद्रियान मी आहे.”

“कोण आद्रियान?”

“मारीकारचा. म्हणजे मी एकटी नाही, आम्ही चौघे. पण तिला जे खरं वाटायचं ते मी लिहायचे.”

अलेग्रेने तिच्याकडे, मग आईकडे संशयाने पाहिले. “पोरी, तुला मारून-बिरून आणलंय का?”

“नाही.”

“तुझं वय लहान आहे, तुला कुणी कोठडीत टाकणार नाही. पण तुला समाजसेविकेकडे जावं लागेल, दर आठवड्याला बोलावतील. शाळेत कळेल. गावात तुझं नाव खराब होईल. कळतंय का?”

“तिचं झालंय की,” फ्रान्सीन म्हणाली.

अलेग्रेने कॉम्प्युटर चालू केला. तो कुरकुरत सुरू झाला. मग फ्रान्सीन सांगू लागली आणि बोटे चालू लागली. फोटो कुठून घेतला, पहिले वाक्य कोणी लिहिले, फ्रॉक कसा दिला, झाडामागे कोण कुठे उभे होते, आणि आता सातवीतल्या मुलासाठी काय चालले आहे. बाहेर जीपवाले प्रवाशांना हाका मारत होते. नेलिया भिंतीला टेकून ऐकत होती. यातून मारीकार परत येणार नव्हती, हे तिला ठाऊक होते. उद्या दुकानावर किती माणसे येतील तेही ठाऊक नव्हते, आणि रोहेलियोला काय सांगायचे ते तर मुळीच नाही.

“बाकीच्यांची नावं,” अलेग्रे म्हणाली.

फ्रान्सीनने दोन सांगितली. मग तिसरे सांगितले. “केन्ट बायोना.”

बोटे थांबली. अलेग्रेने दाराकडे पाहिले, मग खुर्ची जरा पुढे ओढून आवाज खाली आणला.

“नगरसेवकांचा? हे बघा, हिच्यासकट तीन नावं पुरेशी आहेत. बाकी सगळं मी लिहिते, अगदी नीट लिहिते. हे एक नाव राहू दे. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.”

नेलियाने मुलीकडे पाहिले. फ्रान्सीन आईकडे बघत नव्हती. ती टेबलावर पुढे झुकली होती.

“के-न्ट,” ती एकेक अक्षर सुटे करून म्हणाली. “लिहा ना. तुम्ही लिहीपर्यंत मी बसते.”